तीन मिनिटं कमी पडलेली मंगलाष्टकं

...नाही, मला तुम्हीच सांगा, बाईमाणसानं गाताना श्वास घ्यायचा की नाही? तो मुलगा काचेपलीकडून मला सांगतो, "काकी, श्वास ऐकू येतोय." अहो, येणारच ना! जिवंत आहे मी! पंचवीस वर्षं मंगलाष्टकं म्हणतेय, मखमलाबादपासून पेठ नाक्यापर्यंत एक मंगल कार्यालय सोडलं नाही, पण आजवर एकाही नवरदेवानं येऊन तक्रार केली नाही, की सुवर्णाकाकू, तुमच्या श्वासामुळे आमचं लग्न नीट लागलं नाही. आणि हा म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, श्वास मी नंतर काढून टाकतो." श्वास काढून टाकतो! आणि हे बोलताना चेहरा इतका शांत, जसं काही मेथीच्या जुडीतलं गवत काढायचंय.

आणि हे सगळं कशासाठी? तर माझा आवाज माझ्या पोरीच्या कानावर पडावा म्हणून.

थांबा, नीट सांगते. आमची वेदिका, एकुलती एक, पुण्याला नोकरीला असते, तिचं लग्न ठरलं. आता लग्न म्हटलं की मंगलाष्टकं आली, आणि मखमलाबादमध्ये मंगलाष्टकं म्हटली की मी आले. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, गळा चांगला असला की झालं. गळा काय, कुणालाही असतो हो! खरं काम घड्याळाचं. मुहूर्त बारा एकेचाळीसचा ना, मग शेवटचं 'सावधान' बारा एकेचाळीसलाच पडलं पाहिजे. गुरुजी अंतरपाटाच्या आडून मनगट वळवतात, ते मला दिसतं. हात खाली गेला की आटपा, हात फिरला की ओढा. मामानं नवरीला आणायला उशीर केला तर दोन कडवी गाळायची, लवकर आणली तर दोन्हीकडच्या आजोबांची नावं गुंफून जागच्या जागी नवं कडवं तयार. एकदा गुरुजींचं घड्याळच बंद पडलेलं, त्यांचा हात आपला फिरतोय तो फिरतोय, आणि मी सलग अकरा कडवी म्हटली. नवरदेवाचे पाय वळले, पण माझा सूर हलला नाही.

तर मी मनात केव्हाच ठरवलेलं, की जगाच्या पोरींची लग्नं लावली, माझ्या पोरीच्या लग्नात असा आवाज लावते की ऐकत राहतील. आणि नेमक्या तेव्हा आल्या आमच्या नणंदबाई, कुसाबाई, निफाडहून, द्राक्षांची पेटी घेऊन. चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला नाय गाता येणार. लग्न लागताना नवरीच्या आईनं बघायचं नसतं, ऐकायचं नसतं. तुळशीपाशी बसायचं आन् पाणी घालायचं."

आता रीत आहे, मला काय माहीत नाही का? दरवर्षी बघतेय, इकडे मी स्टेजवर गातेय आणि तिकडे मागे कुणाची तरी आई तांब्या घेऊन तुळशीपुढे बसलीय. पण ती 'कुणाची तरी आई' आपण असू, हे डोक्यातच आलं नव्हतं हो. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. तिसऱ्या दिवशी वेदिकाचा फोन. म्हणाली, "आई, अंतरपाटामागे उभी असताना मला तुझाच आवाज ऐकायचाय. दुसरं कुणी गायलं ना, तर मी हार घालायचीच नाही." आणि मग तिनंच तोडगा काढला, की तू आधी रेकॉर्ड करून ठेव. आवाज स्टेजवर, आई तुळशीपाशी. रीतही राहील आणि माझंही होईल.

ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. मी म्हटलं मोबाईलवर करते. तर नाही, स्टुडिओतच जायचं. वडाळा नाक्याजवळ मुझफ्फरचा स्टुडिओ आहे, तो आमच्या जैतुनबींचा मुलगा. जैतुनबी पंधरा वर्षांपासून आमच्या मळ्यातले गुलाब नेतात दर्ग्याच्या चादरीसाठी, म्हणजे घरचाच पोरगा. गेलो आम्ही, मी आणि आमचे हे. मी पैठणी नेसलेली, हातभर बांगड्या, अंबाड्यावर मोठा गजरा. म्हटलं रेकॉर्डिंग आहे, नीटनेटकं जावं.

तळघरात खोली. खोली कसली, भिंतींना, छताला, दाराला, सगळीकडे गाद्या. मी ह्यांना म्हटलं, इथं काय वेडे ठेवतात का? दार लावलं आणि तुम्हाला सांगते, अशी शांतता मी जन्मात ऐकली नाही. माझ्या पोटातली सकाळची साबुदाण्याची खिचडी मला ऐकू यायला लागली. बरं, पंखा बंद. एसी बंद. एप्रिल महिना! "पंखा का बंद?" तर म्हणे, "आवाज पकडतो." मी म्हटलं, अरे बाबा, मग मलाही पकड, चक्कर येऊन पडणारे मी.

आणि तो माइक... मी पंचवीस वर्षं माइक हातात धरतेय. नुसता धरत नाही, ओठांना लावते, जत्रेत कुल्फी खाल्ल्यासारखा. आधी त्यावर दोन टिचक्या मारायच्या, मग फुंकर मारायची, मग 'हॅलो हॅलो', मग गणपतीचं नाव. ही आमची पद्धत. इथला माइक रबरी दोऱ्यांच्या पाळण्यात टांगलेला! हात लावायचा नाही, हलवायचा नाही, एक वीत लांब उभं राहायचं. मी म्हटलं, एक वीत लांबून ह्याला काय कळणार? म्हणून सवयीनं दोन टिचक्या मारल्या आणि सणसणीत फुंकर घातली. काचेपलीकडे मुझफ्फरनं कानावर भला मोठा हेडफोन लावलेला. बिचारा खुर्चीवरून उठला तो थेट भिंतीला टेकला. दोन मिनिटं डोळे मिटून उभा होता. मग आत येऊन हात जोडले. "काकी," म्हणाला, "ह्याला फुंकर मारायची नाही. ह्याला पलीकडच्या गल्लीतला पण आवाज ऐकू येतो." मग मला कळेना, एवढे तिखट कान असलेल्या यंत्राला माझ्यासारखीचा पहाडी आवाज कशाला पाहिजे?

माइकच्या पुढे एक गोल काळी जाळी. मी ती बाजूला सारली. त्यानं परत आणली. मी परत सारली. म्हटलं, चहाची गाळणी मध्ये कशाला? तर ती म्हणे 'प' आणि 'भ'ची हवा अडवते. म्हणजे 'शुभ' म्हटलं की 'भ'मधून वारा सुटतो आणि आत धाडकन आवाज होतो. पंचवीस वर्षं मी लोकांच्या तोंडावर 'शुभ' म्हणतेय, कुणी उडून गेलं नाही!

मग माझ्या कानाला हेडफोन. तो अंबाड्यावर बसेना. गजरा काढला, तरी बसेना. शेवटी पिना काढून केसच सोडले. बसला एकदाचा, आणि तेवढ्यात कानात कुणीतरी म्हणालं, "काकी, बोला काहीतरी." मी मागे वळून बघितलं. कुणी नाही. वर बघितलं. परत कानात, "इकडे, काचेतून, मी मुझफ्फर." आता काचेपलीकडचा माणूस ओठ हलवतोय आणि आवाज माझ्या मेंदूच्या मधोमध येतोय, ह्याला काय म्हणायचं? मी घाबरून ओरडले, तर माझाच ओरडा माझ्याच कानात. स्वतःचा आवाज इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. तुम्ही कुणी ऐकलाय? नका ऐकू.

मग निघाल्या बांगड्या. "काकी, किणकिण येतेय." मी म्हटलं, लेकीचं लग्न तोंडावर आणि मी मोकळे हात करू? कुसाबाई मला घरात घेतील का? शेवटी काय करावं, तर ह्यांच्या खांद्यावरचा पंचा फाडून दोन्ही मनगटांना गुंडाळला. मग पैठणीचा पदर सळसळला. मग म्हणाला, हात हलवू नका. अहो, हात हलला नाही तर माझा सूर वर जाणार कसा? मी दोरीनं बांधलेल्या बकरीसारखी उभी. केस सुटलेले, हाताला फडकी, घामानं कुंकू नाकावर आलेलं... आणि तोंडानं काय म्हणायचं, तर शुभमंगल!

आणि हे सगळं कशासाठी? माझा आवाज माझ्या पोरीच्या कानावर पडावा म्हणून.

त्यानंतर टकटक आली. कानात सारखं टक, टक, टक. म्हणे ह्या ठोक्यावर गायचं, कारण खाली नंतर सनई भरायची आहे. मी म्हटलं, बाबा, मंगलाष्टकं गुरुजींच्या मनगटावर चालतात, टकटकीवर नाही. "इथं गुरुजी नाहीत ना काकी." हे मात्र खरं होतं. गुरुजी नव्हते. माझं तेव्हा चुकलंच, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण त्या उकाड्यात डोकं कुठं चालतं? टकटकीच्या मागे मागे जात राहिले.

बरं, 'सावधान' काही उठेना. कारण कसं आहे, मी 'सावधान' म्हणते तेव्हा समोरून चारशे माणसं अक्षता टाकतात, तो तांदळाचा सपका अंगावर आला की पुढच्या कडव्याचा सूर आपोआप लागतो. गाद्यांच्या भिंती काय अक्षता टाकणार? मला हे माहीत होतं, म्हणून मी घरून पुडीत कुंकू लावलेले तांदूळ आणले होते. ती पुडी ह्यांना दिली आणि सांगितलं, काचेपलीकडे बसा, मी 'सावधान' म्हटलं की माझ्याकडे बघून टाका. नुसतं दिसलं तरी मला पुरे. आणि आमचे हे, लग्नाला तीस वर्षं झाली, माझं एकही काम सांगितल्यासारखं केलं नाही, पण हे मात्र इमानेइतबारे केलं. मी 'सावधान' म्हटलं, ह्यांनी मूठभर अक्षता उधळल्या. काचेवर आपटून त्या सगळ्या खाली पडल्या, मुझफ्फरच्या मिक्सरवर.

तो मिक्सर म्हणजे टेबलाएवढा मोठा. त्यावर वर-खाली सरकणारी चाळीसेक बटणं, आणि प्रत्येक बटणाला सरकायला एक बारीक फट. त्या प्रत्येक फटीत आमच्या इंद्रायणीचे दाणे. मुझफ्फरनं फक्त टाचणी मागितली. जैतुनबींचे संस्कार. अर्धा तास टाचणीनं एकेक दाणा काढत बसला आणि काढता काढता, बहुधा राग गिळायला, मला एकेक बटण समजावून सांगत होता. "हे काकी, तुमचा आवाज मोठा झाला की दाबतं, लहान झाला की उचलतं." म्हणजे मोठ्यानं गायला शिकण्यात माझी अर्धी हयात गेली, आणि हे बटण ते दाबतं! "हे सूर सरळ करतं." पडद्यावर माझा सूर नागमोडी दिसत होता, त्यानं बोटानं ओढून तो कपड्याच्या दोरीसारखा ताठ केला. "आणि हे तुमचा आवाज पाहिजे त्या जागेत नेतं." मग त्यानं मला आधी विहिरीत नेलं, मग मोठ्या चर्चमध्ये, मग बाथरूममध्ये. मी विचारलं, ह्याच्यात मंगल कार्यालय नाही का? त्यानं सगळी यादी शोधली. नव्हतं.

तीन कडवी झाली एकदाची. राहिलं शेवटचं, चौथं. ते मी वेदिकासाठी स्वतः रचलेलं, कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं. 'माझ्या अंगणि खेळली दुडुदुडू ती लेक जाते घरी...' रचताना काही झालं नाही, चुलीपुढे बसून शेंगा निवडत रचलं. पण तिथं, त्या शांततेत, 'लेक' म्हटलं आणि घसाच बंद. परत. 'लेक', परत बंद. कानात तो म्हणतोय, "काही नाही काकी, परत घेऊ." अकरा वेळा घेतलं हो. अकराही वेळा त्याच एका शब्दावर गाडी अडली. जगातल्या सगळ्या लेकी मी हसत हसत सासरी पाठवल्या आणि माझी एक लेक माझ्या घशातून पुढे सरकेना.

मुझफ्फरनं टकटक बंद केली. आत आला, पाण्याचा ग्लास दिला. म्हणाला, "काकी, ह्याचं माझ्याकडे बटण नाही. हे कडवं राहू द्या. तीन झालीत ना, मस्त झालीत. तीन मिनिटं चाळीस सेकंद, एकदम फिट."

एकदम फिट! आणि मी, पंचवीस वर्षं मिनिट न् मिनिट ओढणारी बाई, मान डोलावली आणि घरी आले.

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालय दिंडोरी रोडला. मुहूर्त बारा एकेचाळीस. स्टेजच्या मागे, फुलांच्या पडद्याला लागून, रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस ठेवलेली. त्या तुळशीपुढे मी तांब्या घेऊन, आणि माझ्यावर पहारा द्यायला कुसाबाई. रीत काय, तर आईनं ऐकायचं नाही. आणि साउंडवाल्यानं स्टेजवर ऐकू जायचा काळा डबा नेमका कुठं ठेवला असेल? तुळशीच्या शेजारी! माझ्या कानापासून दीड हातावर!

लागली मंगलाष्टकं. सनई वाजली, आणि त्या डब्यातून एक बाई गायला लागली. काय गात होती! स्वच्छ, सरळ, एका रेषेत. श्वास नाही, खरखर नाही, विहिरीइतकी घुमणारी. मी कुसाबाईंना विचारलं, ही कोण हो? त्या म्हणाल्या, "तुम्हीच की वहिनी." मला काही ओळख पटेना. मी आपली तुळशीला पाणी घालत राहिले. तीन कडवी झाली, तीन 'सावधान' झाले, डब्यानं खर्रकन आवाज केला आणि गप्प.

आणि पडद्यापलीकडून काहीच येईना. ना वाजंत्री, ना टाळ्या. मला दिसत नव्हतं, पण कळलं. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, मला न बघता कळलं, की बारा एकेचाळीसला अजून वेळ आहे, गुरुजींचा हात गोल गोल फिरतोय, आणि त्या हाताकडे बघायला तिथं कुणी नाही. चारशे माणसं हातात अक्षता घेऊन उभी, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले, माझी पोर मान खाली घालून उभी, आणि मधे ही भयाण शांतता, अगदी त्या गाद्यांच्या खोलीसारखी. साउंडवाला विचारतोय, "परत पहिल्यापासून लावू का?" गुरुजी ओरडले, "अहो, लग्न एकदाच लावायचंय!"

माझ्या हातातून तांब्या सुटला. मी कुसाबाईंकडे बघितलं. कुसाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बघता काय, म्हणा की."

मी म्हटलं, "आक्का, रीत..."

"आईनं ऐकायचं नसतं आसं म्हणले मी. गायचं नसतं आसं कधी म्हणले?"

तिथंच, मातीत बसल्या बसल्या, म्हटलं हो मी. माइक नाही, गाळणी नाही, टकटक नाही. बांगड्या वाजल्या, पदर सळसळला, हात हलला. 'माझ्या अंगणि खेळली दुडुदुडू ती लेक...' आणि आलाच तो शब्द, आणि आवाज चिरला, सरळ दोन तुकडे झाले. पण ह्या वेळी 'परत घेऊ' म्हणायला कुणी नव्हतं. चिरलेला तसाच ओढत नेला. ओढला, ओढला, मुहूर्ताला गुरुजींच्या घशातून हमखास निघणारी ती खाकर पडद्यापलीकडून ऐकू येईपर्यंत ओढला, आणि मग टाकलं 'सावधान'. वाजंत्री कडाडली. पडद्यावरून दोन-चार अक्षता माझ्याही अंगावर आल्या. कुसाबाईंनी घड्याळ बघितलं. बारा एकेचाळीस. डोळे पुसत म्हणाल्या, "टायमावर."

नंतर जेवणाच्या पंगतीत काय झालं, कोण काय बोललं, मला काही विचारू नका. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे, पोरीनं ऐकलं का? तिच्यासाठी तर सगळं केलं ना? ती फडकी बांधली, ती पैठणी भिजवली, त्या बिचाऱ्याच्या यंत्रात तांदूळ पेरले... विचारायचं धाडस होईना.

शेवटी निघताना, गाडीच्या दाराशी, वेदिका गळ्यात पडली. खूप रडली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आई, पहिली तीन ठीक होती गं. पण ते शेवटचं! शेवटचं ऐकलं आणि मला उभंच राहवेना. 'लेक' म्हणताना आवाज असा चिरल्यासारखा येतो ना, अगदी खरा वाटला. जशी काही तू पडद्यामागेच बसलीयेस." 

माझा जीव सुपाएवढा झाला. म्हटलं आता सांगते. तोंड उघडलं...

"त्या मुझफ्फरभाईंना माझा निरोप दे हं," ती म्हणाली, "म्हणावं, तो इफेक्ट काय सुंदर टाकलाय."

गाडी सुरू झाली होती. आता तिला काय सांगत बसायचं?

म्हटलं, देते.